उपग्रहाला माझा पानमळा दिसतो का?

इंदापूर तालुक्यात नीरेकाठच्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. तिथेच १९७३ पासून इस्रोच्या रॉकेटांचे भागही बनत आले आहेत, हे तालुक्याबाहेर फार थोड्यांना माहीत आहे. त्याच तालुक्यात निमगाव केतकी आहे. विड्याच्या पानांचे, डाळिंबांचे, तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. देशाच्या अंतराळ संस्थेचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण थुंबा, श्रीहरिकोटा आणि बंगळूर एवढ्याच वाटेने जातात. मला तो इंदापूर तालुक्यातून पाहावासा वाटतो, कारण रॉकेटचे पोलाद आणि रॉकेटने ज्याच्या उपयोगी पडायचे ते शेत, दोन्ही इथे एकाच तालुक्यात आहेत.

या संवादात दोघे बोलतात. एक मामा, वेल्डिंगच्या आणि तपासणीच्या कामात हयात गेलेले. दुसरी त्यांची भाची, कृषी पदवीधर, निमगावात दहा गुंठे पानमळा आणि थोडे डाळिंब सांभाळणारी. ही माणसे मी दोन भूमिका म्हणून उभी केली आहेत. वाद मात्र खरा आहे.

भाची: मामा, २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान उतरलं तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटलेत. मीही खाल्ले. पण ६१५ कोटींची ती मोहीम. त्यातून पानमळ्याला काय मिळालं, ते सांगा.

मामा: पेढे मी चंद्राचे नव्हते वाटले, जोडांचे वाटले होते. ते रॉकेट एलव्हीएम-३. त्याच्या दोन्ही अंगांना दोन बूस्टर असतात, एस-२००. एकेकात दोनशे टनांच्या वर घन इंधन. त्या बूस्टरचे भाग आपल्या वालचंदनगरला झालेत.

भाची: म्हणजे लोखंडी नळकांडं.

मामा: लोखंडी म्हणू नकोस. मॅरेजिंग पोलाद असतं ते, शंभरात अठरा भाग निकेल, वर कोबाल्ट, मॉलिब्डेनम. हैदराबादच्या मिधानीत तयार होतं. व्यास ३.२ मीटर, म्हणजे आत दोन माणसं एकावर एक उभी राहतील, आणि भिंतीची जाडी मात्र काही मिलिमीटर. जाड केलं तर रॉकेट स्वतःचंच वजन उचलत बसेल. आधी पत्र्याच्या आणि फोर्जिंगच्या रिंगा, मग वेल्डिंग, मग प्रत्येक शिवणीचा एक्स-रे. त्यानंतर भट्टीत ४८० अंशांच्या आसपास तापवून ठेवायचं, तेव्हा त्याच्यात खरी ताकद येते. शेवटी आत पाणी भरून दाब द्यायचा. त्या वेळी शेडमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही. वेल्डमध्ये एक बुडबुडा राहिला असेल तर तो तिथे कळलेला बरा, श्रीहरिकोट्याला नाही.

भाची: आणि जोड?

मामा: एवढी मोठी मोटर एका तुकड्यात होत नाही. तुकडे एकमेकांत बसवायचे आणि मध्ये रबराची रिंग. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर गेलं ते असल्याच एका जोडापायी. थंडीनं रिंग कडक झाली, ज्वाळा बाहेर आली, ७३ सेकंदांत सात माणसं गेली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत अंतराळ संस्थेचं हे झालं. म्हणून आपला जोड टिकला की पेढे वाटायचे.

भाची: तुमच्या हातांबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तुम्ही इतिहास रॉकेटच्या बाजूनं सांगता. ही संस्था रॉकेटसाठी निघालीच नव्हती. १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या पोटात एक समिती झाली, होमी भाभांच्या पाठबळानं, विक्रम साराभाई तिचे अध्यक्ष. १५ ऑगस्ट १९६९ ला तिची इस्रो झाली. साराभाई पहिल्यापासून सांगत होते की चंद्रावर जाण्यात श्रीमंत देशांशी शर्यत लावायची नाही, इथल्या माणसाच्या अडचणींसाठी हे तंत्र वापरायचं. हवामान, शिक्षण, शेती.

मामा: बरोबर आहे.

भाची: मग पहिलं काम काय केलं? आपला एकही उपग्रह वर नव्हता तेव्हा, १९७० च्या सुमारास, पिशारोटींनी केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे इन्फ्रारेड फिल्मवर फोटो काढले. नारळाला मुळाचा रोग लागला होता. फोटोत रोगट झाडं वेगळ्या रंगात उठून दिसली. पिशारोटी कोण? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक. देशातल्या सुदूर संवेदनाची सुरुवात एका शेतकऱ्याच्या रोगट झाडापासून झाली, मामा. आज माझ्या वेलीला मूळकूज लागते. पान पिवळं पडून मान टाकतं तेव्हा मला कळतं, आणि तोवर शेजारच्या दहा वेली गेलेल्या असतात. पन्नास वर्षांपूर्वी नारळाला जे मिळालं ते माझ्या वेलीला का नाही? हाच माझा प्रश्न.

इथे मला एक नाव घ्यायचे आहे, कारण ते महाराष्ट्रातही पुरेसे घेतले गेले नाही. एकनाथ चिटणीस. जन्म कोल्हापूरचा, १९२५. साराभाईंच्या अगदी पहिल्या सहकाऱ्यांपैकी एक. केरळच्या किनाऱ्यावर थुंब्याची जागा निवडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तिथल्या मेरी मॅग्डलीन चर्चच्या इमारतीत कार्यालय थाटले गेले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला अमेरिकेकडून आलेले नाइकी-अपाची रॉकेट तिथून उडाले. पण चिटणिसांचे मला अधिक मोलाचे वाटणारे काम नंतरचे आहे. उपग्रहावरून खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा जो प्रयोग ‘साइट’ म्हणून ओळखला जातो, त्याचे ते कार्यक्रम व्यवस्थापक होते. २२ ऑक्टोबर २०२५ ला, वयाच्या शंभराव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असायला हवा.

भाची: ‘साइट’चंच घ्या ना. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६. सहा राज्यांतली २,४०० गावं. महाराष्ट्र नव्हता त्यात, पण आपल्या सोलापूरच्या पलीकडचा विजापूर जिल्हा होता, गुलबर्गा, रायचूर होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची थाळी, खाली टीव्हीचा संच, समोर सगळा गाव. सकाळी शाळेतल्या पोरांसाठी, संध्याकाळी शेती आणि आरोग्य. ज्या गावानं कधी सिनेमा पाहिला नव्हता त्या गावात थेट आकाशातून कार्यक्रम. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं आधी कुणी केलं नव्हतं. मला विचाराल तर इस्रोचं सगळ्यात मोठं काम हेच.

मामा: आणि ३१ जुलै १९७६ नंतर काय झालं?

भाची: प्रयोग संपला.

मामा: का संपला? उपग्रह कुणाचा होता? एटीएस-६, अमेरिकेचा. वर्षभर दिला आणि मुदत संपल्यावर परत नेला. २,४०० गावांतले पडदे एका दिवसात बंद. शेजाऱ्याच्या बैलांवर किती दिवस पेरणी करणार? म्हणून रॉकेट लागतं, पोरी. तुझं ‘साइट’ आणि माझा बूस्टर वेगळे नाहीत. साराभाई ३० डिसेंबर १९७१ ला गेले, सतीश धवन आले, १९७२ मध्ये अंतराळ विभाग थेट पंतप्रधानांच्या हाताखाली गेला, आणि धवनांनी कारखान्यांना कामाला लावलं. सगळं आपल्याच आवारात बनवत बसायचं नाही, देशातल्या उद्योगांना शिकवायचं, हा त्यांचा निर्णय. त्यामुळे वालचंदनगर आलं, मुंबईत गोदरेज आणि लार्सन टुब्रो आले. त्या एका निर्णयानं माझ्यासारख्यांचे संसार उभे राहिले.

भाची: पण उपग्रह वर न्यायला केलेलं आपलं पहिलं रॉकेट, एसएलव्ही-३, तर पडलं होतं.

मामा: १० ऑगस्ट १९७९. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणाच्या यंत्रणेतून आम्ल गळलं आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात गेलं. प्रकल्प संचालक होते अब्दुल कलाम. पण पत्रकारांसमोर धवन स्वतः बसले, जबाबदारी अध्यक्षाची म्हणून. १८ जुलै १९८० ला तसंच रॉकेट ३५ किलोचा रोहिणी उपग्रह घेऊन वर गेलं, तेव्हा धवनांनी कलामांना पुढे केलं. पुढचं रॉकेट एएसएलव्ही दोनदा पडलं, १९८७ आणि १९८८. त्यानंतरच्या पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ ला फसलं. १५ ऑक्टोबर १९९४ ला जमलं. ही सगळी वर्षं आम्ही रिंगा जोडतच होतो. पडलेल्या रॉकेटच्या कामाचाही एक्स-रे तेवढ्याच काळजीनं घ्यावा लागतो.

मामा आणि भाची ज्या दोन बाजूंनी बोलतात त्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायच्या असतील तर वसंत गोवारीकरांकडे पाहावे. इंग्लंडमधले काम सोडून १९६७ मध्ये थुंब्याला आले आणि घन इंधनाच्या कामाला त्यांनी वाहून घेतले. ज्या पोलादी आवरणांबद्दल मामा बोलतात, त्यांच्या आत काय भरायचे हा गोवारीकरांचा विषय. एसएलव्ही-३ वर गेले तेव्हा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक तेच होते. पुढे दिल्लीत असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मान्सूनच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रारूप तयार केले, आणि १९८८ पासून हवामान खात्याचा पावसाचा अंदाज त्यावर निघू लागला. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. उतारवयात सहकाऱ्यांबरोबर त्यांनी काय लिहिले, तर खतांचा कोश. इंधनापासून पावसापर्यंत आणि पावसापासून खतापर्यंत हा माणूस सरळ चालत गेला. त्याला त्यात कुठे वळण घ्यावे लागले असे दिसत नाही.

भाची: चला, रॉकेट लागतं हे मान्य. आता माझा हिशेब ऐका. १७ मार्च १९८८ ला आपला पहिला कामाचा सुदूर संवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, सोव्हिएत संघाच्या बायकोनूरहून गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका ७२.५ मीटर लांब-रुंद होता. गुंठ्यांत काढा. बावन्न गुंठे! सव्वा एकरावर जमीन, आणि चित्रात तिचा एकच रंग. दुसरा कॅमेरा जरा बरा, ३६.२५ मीटर. तेरा गुंठे. माझा पानमळा दहा गुंठ्यांचा. शेवरी, शेवगा, वेल, सगळं मिळून एका ठिपक्यात बुडून गेलं असतं, वर शेजारच्या उसाचे तीन गुंठे त्यात मिसळले असते.

मामा: ते १९८८ झालं. पुढचं सांग.

भाची: सांगते ना. १९९५ च्या आयआरएस-१सी मध्ये रंगीत कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा झाला. साडेपाच गुंठे. १७ ऑक्टोबर २००३ ला रिसोर्ससॅट-१ गेला, त्यातला एक कॅमेरा ५.८ मीटरचा. गुंठ्याचा तिसरा हिस्सा. म्हणजे माझ्या मळ्यात तीस ठिपके बसतात.

मामा: आणि तो रिसोर्ससॅट कशावरून गेला? पीएसएलव्हीवरून. बावन्न गुंठ्यांवरून गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शावर पंधरा वर्षांत आलो. हा इतिहास चंद्राच्या इतिहासाहून लहान आहे का?

भाची: मोठा आहे, आणि कुणी सांगत नाही हेच माझं दुखणं. पण कॅमेऱ्याला ढगातून दिसत नाही. आणि आमची गरज नेमकी ढगांतच असते. ऑक्टोबर २०२० आठवतो ना? बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आंध्रातून थेट आपल्यावर आला. इन्सॅट उपग्रहाची चित्रं होती, हवामान खात्याचा इशारा होता, सगळं होतं. पण इशारा जिल्ह्याला होता. जिल्हा म्हणजे लोणावळाही आणि इंदापूरही. आमच्या शिवारातल्या ओढ्याला किती पाणी येणार, हे कुणी सांगितलं नाही.

मामा: ढगातून पाहायला रडार लागतं. २६ एप्रिल २०१२ ला रिसॅट-१ गेला तो त्यासाठीच.

भाची: आणि १८ मे २०२५ ला आणखी एक रडारवाला, ईओएस-०९, पीएसएलव्हीसकट गेला. कक्षेत पोचलाच नाही.

मामा: तिसरा टप्पा. त्याचं आवरण पोलादाचं नसतं, तंतूंचं असतं. आतला दाब उतरला.

भाची: आपल्या शेडचं काम नव्हतं म्हणून सुटले का सगळे?

मामा: नाही. आणि तू विचारते आहेस तर सांगतो. अशा अपयशाचा सविस्तर अहवाल लोकांसमोर यायला पाहिजे. धवन १९७९ मध्ये समोर बसले म्हणून आम्हाला १९८० साठी हुरूप आला. ज्या पोरानं काल वेल्डिंगचं काम धरलंय त्याला कळायला नको का, कुठे काय चुकलं? ही संस्था लष्कराची नाही, नागरी आहे. लोकांच्या पैशावर चालते. बातमी चांगली असो की वाईट, तिनं सांगितली पाहिजे.

या एका मुद्द्यावर दोघे एक झाले, आणि मीही त्यांच्या बाजूचा आहे. नागरी असण्याची किंमत आणि कमाई दोन्ही यातच आहे. एकच पोलाद क्षेपणास्त्रालाही लागते; १९८२ मध्ये कलाम संरक्षण संशोधनाकडे गेले तेव्हा ज्ञानही बरोबर गेले. एकच रडार बांधही पाहते आणि सीमाही. म्हणून काही गोष्टी झाकाव्या लागतात, हे समजते. पण जे झाकायची गरज नाही ते झाकले की संस्थेवरचा विश्वास झिजतो.

मामा: ईओएस-०९ गेला, पण त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत, ३० जुलै २०२५ ला निसार गेला. इस्रो आणि नासा मिळून. जीएसएलव्हीवरून. त्याच्या पहिल्या टप्प्याची मोटर एस-१३९. पीएसएलव्हीला असते तीच जात, जिची आवरणं वालचंदनगरला होत आली. दोन रडार आहेत त्यावर, एक त्यांचं, एक अहमदाबादच्या आपल्या केंद्राचं. ढग असो, रात्र असो, दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहतो. माहिती फुकट. १९७५ मध्ये आपण त्यांचा उपग्रह मागून आणला होता. आता निम्मं यंत्र आपलं आणि रॉकेट पुरं आपलं. तुझ्या मळ्याला याहून काय पाहिजे?

भाची: निसारचा मातीतल्या ओलाव्याचा नकाशा २०० मीटरच्या चौकोनांचा आहे, मामा. एक चौकोन म्हणजे जवळजवळ दहा एकर. माझा मळा पुन्हा बुडाला.

मामा: मळा बुडाला, पण शिवार दिसलं ना? निमगावच्या शिवारात असे कितीतरी चौकोन बसतील. कुठल्या वस्तीकडे ओल आहे, कुठल्या वस्तीकडे नाही, हे बारा दिवसांनी कळेल.

भाची: कळेल. पण कुणाला? डाळिंबाचा हवामानावर आधारित विमा घेतला आहे मी. त्याचा निकाल महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरून लागतो. मंडळ म्हणजे बरीच गावं. केंद्रापाशी पाऊस नसला तर माझ्या बागेतला पाऊस कागदावर पडतच नाही. उपग्रह दहा एकर ओळखतो, कॅमेरा गुंठ्याचा तिसरा हिस्सा ओळखतो, आणि विम्याचा कागद अजून मंडळ ओळखतो. आता सांगा, मी कुणाशी भांडू? इस्रोशी?

मामा: नाही. तिनं तिचं काम केलं.

भाची: पूर्ण नाही केलं. ‘साइट’च्या वेळी थाळी आणि टीव्ही गावात नेऊन बसवला होता, बिघडला तर दुरुस्त करायला माणूस ठेवला होता. आज नकाशा संकेतस्थळावर ठेवला म्हणजे गावाला दिला, असं समजतात. २००९ पासून इस्रोचं तसलं संकेतस्थळ ‘भुवन’ आहे, आमच्या गावात किती जणांनी उघडलंय? उसाला हे मिळायला लागलंय. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रानं उपग्रहाची चित्रं, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर एकत्र करून उसाचा प्रयोग चालवलाय. साखर उद्योगही उपग्रहावरून उसाचं क्षेत्र मोजतो. उसाच्या मागे कारखाने आहेत. पानाच्या मागे कोण आहे? व्यापारी पानांचे डाग मोजून घेऊन जातो, तेवढंच.

मामा: मग चंद्राचे पैसे काढून पानमळ्याला द्यायचे?

भाची: तसं मी म्हटलंच नाही. चंद्रावर जा. पण त्याच जोमानं माझ्या मंडळ कार्यालयापर्यंत या. तेवढं अंतर राहिलंय.

माझा कौल भाचीच्या शेवटच्या म्हणण्याकडे जातो, आणि मामांच्या पोलादाला जराही कमी न लेखता जातो. या संस्थेने सहा दशकांत दुसऱ्याच्या रॉकेटपासून स्वतःच्या रॉकेटपर्यंत आणि बावन्न गुंठ्यांपासून गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत मजल मारली. मागे राहिले ते आपले कागद: विम्याचे मंडळ, इशाऱ्याचा जिल्हा, दुष्काळाचा तालुका. ते बदलणे इस्रोच्या हातात नाही. राज्य सरकारच्या, विमा कंपन्यांच्या आणि काही अंशी आपल्याही हातात आहे.

म्हणून निमगावकरांना आणि या तालुक्यातल्या सगळ्याच शेतकऱ्यांना एक विनंती. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा: निसार आणि रिसोर्ससॅटच्या माहितीवरून आमच्या गावाचा ओलाव्याचा आणि पिकांचा नकाशा हंगामात ठरावीक दिवसांनी ग्रामपंचायतीत लागला पाहिजे, आणि पिकाच्या नुकसानीचा निकाल देताना तो पाहिला गेला पाहिजे. ठरावात पानमळ्यांचा उल्लेख नावानिशी करा. एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या आणि दुसरी नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राला पाठवा. हे केंद्र याच कामासाठी आहे.